५४ किलोंची चालक, तीन स्लेड आणि ओढ्याजवळचं वळण

माझ्या मावसभावाची बायको दोन हिवाळे नवऱ्याच्या स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवर, मागे बसून फिरली. तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या शेवटी तिचा फोन आला. "दादा, मला आता स्वतःची घ्यायची आहे. कुठली घेऊ ते सांगू नका, ते मी चालवून ठरवीन. चालवून बघायची कशी, तेवढं शिकवा." प्रश्न इतका नेमका होता की मी पुढचे शनिवार-रविवार मोकळे ठेवले. त्या दोन दिवसांत आम्ही चुकीचा निकाल जवळजवळ पक्का करून बसलो होतो. तो कसा लागत गेला आणि कशाने फिरला ते क्रमाने लिहितो. गेली १४ वर्षं या भागात गाडी चालवतोय आणि नवी स्नोमोबाइल बघायला आलेली माणसं नेमकी याच जागी चुकताना मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत.

प्रकरण काय होतं

मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या डुलुथला राहतो, लेक सुपीरियरच्या काठावर. ती दोघं मिनिआपोलिसजवळ, गाडीने अडीच तासांवर. इथे स्नोमोबाइलला सगळे 'स्लेड' म्हणतात आणि मिनेसोटात ती घरचीच वस्तू आहे. कॅनडाच्या सीमेलगत रोझो नावाचं छोटं गाव आहे. तिथे एडगर आणि अॅलन हे हेटीन बंधू आणि डेव्हिड जॉन्सन यांनी १९५४ मध्ये पोलारिस सुरू केली, तेव्हा ते शेतीची अवजारं बनवत. दोन-एक वर्षांत त्यांच्या शेडमधून पहिली स्लेड बाहेर पडली. १९६० मध्ये एडगर हेटीन अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत, हजार मैलांहून जास्त अंतर, स्लेडवरून गेले. पुढे त्यांनी पोलारिस सोडली आणि जवळच्याच थीफ रिव्हर फॉल्समध्ये जी कंपनी काढली तिचीच आर्क्टिक कॅट झाली. तिकडे क्वेबेकमधल्या व्हॅलकूरला जोसेफ-आर्मान बॉम्बार्डिये यांची स्की-डू १९५९ मध्ये बाजारात आली होती. १९३४ च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद होते, दवाखान्यात नेता आलं नाही म्हणून त्यांचा दोन वर्षांचा मुलगा गेला. बर्फावरून माणसं नेणारं वाहन बनवण्याचा त्यांचा ध्यास त्यानंतर कधी सुटला नाही. मला ही गोष्ट दर हिवाळ्यात एकदा तरी आठवते.

आपल्याकडच्या लोकांनी ही गाडी पाहिलेली असते ती बहुधा गुलमर्गला. तिथे चालवणारा सोबत असतो आणि फेरी काही मिनिटांत संपते. इथल्या ट्रेलवर, म्हणजे स्लेडच्या वाटेवर, माणूस दिवसाला शे-दीडशे किलोमीटर एकट्याने स्लेड चालवतो, आजूबाजूला जंगल, बाहेर उणे २० तापमान. न जमणारी गाडी घेतली तर संध्याकाळपर्यंत मनगटं आणि कंबर दोन्ही बोलायला लागतात.

शिवाय घाई होती. पुढच्या हंगामाच्या गाड्यांची आगाऊ नोंदणी कंपन्या वसंतात, मार्च-एप्रिलच्या सुमाराला उघडतात. इंजिन, गाडीला ढकलणाऱ्या मागच्या रबरी पट्ट्याची लांबी, धक्के शोषणारे शॉक हे सगळं तेव्हाच निवडायचं, आणि गाडी हातात येते थेट पानगळीत. म्हणजे जी गाडी घ्यायची ती बनलेलीही नसते. यंदाच्या तिच्यासारख्या गाडीवर बसूनच अंदाज बांधायचा. आमच्या हातात फेब्रुवारी होता.

चालक: वय ३४, उंची ५ फूट १ इंच, वजन ५४ किलो. हेल्मेट, जॅकेट, बिब (खांद्यांवर अडकवायची जाड पँट), बूट घालून साधारण ६१. सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तिने डिसेंबरातच मिळवलं होतं. ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या इथल्या रहिवाशांना त्याशिवाय स्लेड चालवता येत नाही.

जागा आणि तीन गाड्या

डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंत नॉर्थ शोअर स्टेट ट्रेल जातो, १४६ मैल. त्याला जोडलेल्या, स्थानिक स्लेड क्लबच्या वाटांमधून मी १४ किलोमीटरचा एक वळसा निवडला. त्यात दोन सरळ पट्टे, एक चढ, सूर्यफुलं आणि भोपळे पिकवणाऱ्या एका शेताची कड आणि ओढ्याजवळचं एक डावं वळण. वळण देवदारांच्या सावलीत असल्यामुळे तिथला बर्फ दिवसभर काचेसारखा राहतो. गाडीचा स्वभाव त्या वळणावर लपत नाही.

ट्रेलचा बर्फ कसा तयार होतो हे माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. क्लबचे स्वयंसेवक रात्री ग्रूमर, म्हणजे ट्रेल सपाट करणारं यंत्र, फिरवतात. त्याची पाती ट्रेलवरचे उंचवटे कापतात आणि मागचा जड पत्रा तो बर्फ दाबत जातो. दाबलेले कण थंडीत एकमेकांना चिकटतात आणि पहाटेपर्यंत ट्रेल फरशीसारखा घट्ट होतो. सकाळी आठला त्यावरून जाणं म्हणजे नव्या डांबरी रस्त्यावरून जाणं. दुपारी दोनपर्यंत शंभरेक गाड्या जाऊन आलेल्या असतात, वळणांच्या आधी ब्रेक दाबून आणि नंतर थ्रॉटल देऊन गुडघाभर लाटा तयार झालेल्या असतात, उन्हाच्या बाजूला साखरेसारखा सैल बर्फ असतो. एकच गाडी सकाळी आणि दुपारी चालवलीत तर दोन वेगळ्या गाड्या वाटतील.

आम्ही तीन गाड्या जमवल्या. ६०० सीसी वर्गातली टू-स्ट्रोक, १२९ इंची पट्ट्याची, भाड्याने आणलेली. ९०० वर्गातली तीन सिलिंडरची फोर-स्ट्रोक, १३७ इंची पट्टा, माझ्या एका सहकाऱ्याची. आणि ८५० टू-स्ट्रोक, तीही भाड्याची, जी माझ्या मावसभावाच्या मनात होती. मॉडेलांची नावं लिहीत नाही. त्या दिवशी त्या ज्या अवस्थेत होत्या, त्यावरून बनवणाऱ्यांवर शेरा मारणं अन्यायाचं होईल.

शनिवार

सकाळी उणे १८. आधी ६००, मग ९००, मग ८५० असा क्रम लावला. लहानापासून मोठ्याकडे जाणं नवशिक्याला बरं, एवढाच विचार होता. माझी पहिली चूक हीच, कारण सगळ्यात घट्ट बर्फ ६०० च्या वाट्याला आला आणि सगळ्यात खराब ८५० च्या.

६०० वरून परत आल्यावर तिने हातमोजे काढून मनगटं चोळली. "खूप जड आहे हो दादा. हँडल वळवायला जोर लागतो, आणि सरळ रस्त्यावर पण पुढचं तोंड इकडेतिकडे ओढतंय."

९०० वर ती खुलली. फोर-स्ट्रोकचा आवाज खोल आणि शांत, अंगाला तेलाचा वास नाही, आणि थ्रॉटलवरचा अंगठा सोडला की इंजिनच गाडीला हळू करतं. हे शेवटचं नवशिक्या माणसाला फार धीर देतं. "ही माझी," ती म्हणाली. नवरा म्हणाला, "झालं, ठरलं."

८५० बद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिने चढावर अंगठा जरा जास्त दाबला, पुढे चाकांच्या जागी असलेल्या स्की हलक्या झाल्या, ती घाबरली आणि उरलेली फेरी तिने सावकाश पुरी केली. १६० च्या वर अश्वशक्ती असलेलं यंत्र ज्या राज्यात वेगमर्यादा ताशी ५० मैल आहे तिथे पहिली गाडी म्हणून घ्यायचं कारण मला आजही सापडत नाही.

दुपारी चहा घेताना थर्मासशेजारी संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू ठेवले होते, खिशात राहून असे गोठले होते की हातोडीच हवी होती. ती दोघं ९०० च्या रंगांवर बोलत होती. माझं लक्ष तिच्या एका शब्दावर अडकलं होतं: जड. तिघींत ६०० सगळ्यात हलकी. ९०० तिच्याहून किमान २०-२५ किलोंनी जास्त. मग हलकी गाडी जड का लागावी?

वळणावरच्या खुणा

मी एकटाच ओढ्याच्या वळणावर परत गेलो, गाडी ट्रेलबाहेर उभी केली आणि वाकून बर्फ बघितला. प्रत्येक स्कीच्या तळाला कार्बाइडची धारदार पट्टी असते, ती बर्फात बारीक चर पाडते. चाकाच्या गाडीचं टायर जसं रस्ता धरतं, तसं स्लेडचं पुढचं तोंड या चरांच्या जोरावर वळतं. सकाळी तिच्या फेरीच्या वेळी इथून फारसं कोणी गेलं नव्हतं आणि सावलीमुळे बाहेरच्या कडेला तिच्या खुणा शाबूत होत्या. चर खोल होता, बोटाचं पेर जाईल एवढा, आणि तुटक. आत वळला, मग बाहेर, पुन्हा आत. मागच्या पट्ट्याची खूण मात्र बाहेरच्या बाजूला पसरलेली, घसरल्याची.

पुढच्या स्की गरजेपेक्षा जास्त रुतत होत्या आणि मागचा भाग बर्फ धरत नव्हता. वजन पुढे गेलं होतं.

कार्बाइडच्या पट्ट्या झिजल्या असत्या किंवा स्की एकमेकींना समांतर नसत्या तरीही गाडी अशी भरकटते, म्हणून आधी ते तपासलं. दोन्ही ठीक. मग आम्ही मोजपट्टी काढली.

मोजायची रीत सोपी आहे. कडक जागेवर गाडीखाली फळी टाकायची. दोघांनी मागचा बंपर धरून स्प्रिंगा पूर्ण सुटेपर्यंत वर उचलायचा आणि फळीपासून बंपरपर्यंत उंची घ्यायची. मग चालकाने सगळा पेहराव करून बसायचं, एकदा दाबून स्थिर व्हायचं, पुन्हा उंची घ्यायची. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे गाडी त्या माणसाच्या वजनाने किती बसते. ट्रेलवरच्या गाडीला दोन ते तीन इंच, म्हणजे ५ ते ७.५ सेंटिमीटर, हा मी धरत आलेला अंदाज आहे.

९०० तिच्याखाली ५.५ सेंटिमीटर बसली. ६०० बसली दीड.

दीड! मागच्या स्प्रिंगांचा ताण ठरवणारी चकती पाचपैकी चौथ्या खुणेवर होती. भाड्याची गाडी होती, आदल्या भिडूचं वजन तिच्या दुप्पट असू शकेल, आणि त्याच्यासाठी ती अगदी बरोबर लावलेली होती. ५४ किलोंच्या बाईखाली मात्र मागचा भाग उंचच राहत होता, सगळा भार पुढच्या स्कींवर येत होता, कार्बाइड खोल रुतत होतं आणि ते वळवायला तिच्या मनगटांतलं बळ जात होतं. आदल्या गाड्यांनी पाडलेल्या चरांमध्ये स्की अडकत होत्या म्हणून तोंड इकडेतिकडे ओढलं जात होतं. मागचा पट्टा हलका पडल्यामुळे काचेसारख्या वळणावर शेपूट सुटत होती. तिची एकही तक्रार खोटी नव्हती. फक्त ती तक्रार आधीच्या माणसाच्या वजनाची होती.

गाडीच्या हत्यारांच्या पिशवीतला पाना घेऊन दोन्ही बाजूंच्या चकत्या चौथ्या खुणेवरून पहिल्या खुणेवर आणल्या. सस्पेन्शनच्या पुढच्या भागाला बांधलेला एक छोटा पट्टा (रबरी पट्टा नव्हे) आवळून-सोडूनही स्कींवरचा भार बदलता येतो, आणि हात शिवशिवत होते. तरी तिला हात लावला नाही. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. नव्याने मोजलं: ६ सेंटिमीटर.

नेमकं काय बदललं ते तिला सांगितलं नाही. "काहीतरी बदललंय, पहिला किलोमीटर सावकाश जा," एवढंच म्हणालो. माहीत असतं तर तिला हलकं वाटलंच असतं. माणसाचं मन मनगटांच्या आधी निकाल देतं.

पुन्हा, दोन्ही

दुपारचे तीन वाजले होते, तापमान उणे ६, ट्रेलवर लाटा. सकाळच्या ९०० शी दुपारच्या ६०० ची तुलना केली असती तर तोच घोळ पुन्हा झाला असता. म्हणून तिने दोन्ही गाड्या लागोपाठ चालवल्या. मी वळणाच्या आतल्या बाजूला, झाडामागे उभा राहिलो.

९०० वर ती ठीक आली, पण लाटांवर गाडीचं वजन प्रत्येक वेळी तिच्या खांद्यांना जाणवत होतं, ते लांबून दिसत होतं. ६०० वर ती आली तेव्हा तिने वळणाच्या आत जरा झुकून गुडघा गाडीला टेकवला होता, जे तिला कोणी शिकवलं नव्हतं. गाडी साथ देते तेव्हा शरीर ते आपोआप करतं. ती गेल्यावर बघितलं तर बर्फावर एकच चर होता, उथळ, न तुटलेला, ओढ्यापासून पुढच्या देवदारापर्यंत एका ओळीत वळलेला.

परत आल्यावर तिने विचारलं, "ही सकाळचीच आहे ना?"

रविवारी सकाळी उणे २१ होतं, ट्रेल पुन्हा फरशीसारखा. ६०० पुन्हा, त्याच वेळेला, तशाच बर्फावर. हे गरजेचं होतं, नाहीतर दुपारचा मऊ बर्फच तिला सोपा गेला असं म्हणायला जागा राहिली असती. सुधारणा टिकली. सरळ पट्ट्यावर जुन्या चरांत थोडं भरकटणं उरलं होतं, ते कुठल्याही स्लेडला थोडं असतंच.

त्यानंतर मी तिला अशी परीक्षा दिली जी विक्रेत्याच्या अंगणात कोणी देत नाही. ट्रेलच्या कडेच्या मांडीभर भुसभुशीत बर्फात दोन्ही गाड्या एकेक करून मुद्दाम घातल्या आणि म्हटलं, एकटीने काढ. तिने ६०० च्या स्कींसमोरचा बर्फ पायाने तुडवला, मागचा बंपर धरून शेपूट थोडी थोडी करून सरकवली, आणि बारा मिनिटांत ती ट्रेलवर होती, घामाघूम पण हसत. ९०० चा बंपर तिला हलवताच आला नाही. नवरा मदतीला पुढे झाला. मी त्याला हाताने थांबवलं, आणि ते तिला आवडलं असावं. जंगलात कधी नवरा दोन किलोमीटर पुढे असेल आणि फोनला रेंज नसेल. त्या वेळी हीच एक गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा मोठी ठरेल.

दुपारपर्यंत ७० किलोमीटर झाले. १४ किलोमीटरमध्ये जे दिसत नाही ते लांब पल्ल्यात दिसतं. तिचा उजवा अंगठा दुखायला लागला, कारण थ्रॉटल अंगठ्याने दाबून धरायचा असतो आणि तिचा हात लहान आहे. ब्रेकचा दांडा जवळ घेता आला. थ्रॉटलच्या दांड्याला तशी सोय नव्हती, तेव्हा मूठ किंचित फिरवून धरायला शिकवलं. हँडलबार तिच्या उंचीला किंचित उंच होता, पुढच्या गाडीत खालचा हवा अशी नोंद वहीत केली.

निर्णय

फोर-स्ट्रोकचा मोह शेवटपर्यंत होता, आणि तो खोटा नव्हता. त्या इंजिनाला तेलाच्या टाकीत सतत भर घालावी लागत नाही, आवाज कमी, पेट्रोलही कमी. मावसभावाने विचारलं, "दादा, मग यामाहा फोर-स्ट्रोक बघूया का?" यामाहाने २०२३ मध्येच जाहीर केलं होतं की २०२५ च्या मॉडेलनंतर ती स्नोमोबाइल बनवणार नाही. १९६८ पासून या धंद्यात असलेली कंपनी गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. जुनी घेणाऱ्यासाठी त्या गाड्या अजून उत्तम आहेत, पण नव्या नोंदणीसाठी तो रस्ता बंद होता.

तिने ६०० टू-स्ट्रोक, १२९ इंची पट्टा, अशी नोंदणी केली. कारण तिचं, माझं नाही: "जी मला एकटीला बाहेर काढता येते, ती माझी."

एक गोष्ट मी आग्रहाने लिहून घ्यायला लावली. भाड्याच्या गाडीवर आम्ही ताण पहिल्या खुणेपर्यंत, म्हणजे अगदी तळाला नेला होता. तळाला नेऊनच गाडी बरोबर बसत असेल तर ती स्प्रिंग त्या माणसासाठी कडक आहे. वजन कमी झालं, बर्फ बदलला, की पुढे जायला जागाच नाही. चालकाच्या वजनाप्रमाणे मऊ किंवा कडक स्प्रिंगा मिळतात, फक्त मागाव्या लागतात. नोंदणीच्या कागदावर तिने दोन ओळी वाढवल्या: ६१ किलोंच्या चालकासाठी मऊ स्प्रिंगा, आणि ताब्यात देण्याआधी तिला बसवून उंची मोजायची. काउंटरवरचा माणूस आधी गोंधळला, मग त्याने आत जाऊन मेकॅनिकला विचारलं. मेकॅनिक बाहेर आला आणि म्हणाला की लोकांनी हे मागितलं तर त्याचं निम्मं काम हलकं होईल.

नोव्हेंबरात गाडी आली. डुलुथला तोवर बर्फ नव्हता, विक्रेत्याच्या मागच्या अंगणात ओली पानं आणि चिखल. तिने सगळा पेहराव गाडीतच चढवला होता, हेल्मेटसकट, आणि अंगणातून चालत येताना लोक बघत होते. फळी टाकली, बंपर उचलला, आकडा घेतला. ती बसली, एकदा दाबली, आम्ही पुन्हा मोजलं. चकत्या तिसऱ्या खुणेवर होत्या आणि गाडी बसली ४.३ सेंटिमीटर. मेकॅनिकने पाना काढला. तिने हात पुढे करून तो मागून घेतला, चिखलात गुडघा टेकवला, आधी डावी चकती, मग उजवी, दोन्ही दुसऱ्या खुणेवर आणल्या आणि पुन्हा जाऊन बसली.

६.२.